हेदरचे माळ कुणासाठी राखायचे?

उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात शेतांचे दगडी गडगे जिथे संपतात, तिथून वर मूर सुरू होतो. मूर म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा, थंड, वाऱ्यापावसाचा माळ. झाडे जवळजवळ नाहीत. असते ती गुडघ्याएवढी वाढणारी हेदर, पाणथळ जागी स्फॅग्नम शेवाळ आणि पांढऱ्या बोंडांचे कापूसगवत. ऑगस्टमध्ये हेदर फुलते आणि नजर पोचेल तिथपर्यंत डोंगर जांभळे होतात. जगातल्या एकूण हेदरमाळांपैकी तीन चतुर्थांश माळ ब्रिटनमध्ये आहेत असे नेहमी सांगितले जाते. हा आकडा अभ्यासकांना सरसकट मान्य नाही; पण इतके विस्तीर्ण, सलग हेदरमाळ ब्रिटन-आयर्लंडबाहेर क्वचितच सापडतात, याबद्दल फारसे दुमत नाही.

गेली तीसेक वर्षे या माळांवरून ब्रिटनमध्ये जोराचा वाद चालू आहे. शिकारीचे हक्क असलेले जमीनदार, मेंढपाळ, पक्षिमित्र, पाणीपुरवठा कंपन्या, हवामानाचे अभ्यासक आणि सुट्टीत डोंगर तुडवणारे सामान्य लोक, सगळेच त्यांच्यावर हक्क सांगतात. वादाचे मुद्दे वरवर तांत्रिक वाटतात: हेदर जाळावी की नाही, शिकारी पक्ष्यांचे काय करावे, जुने चर बुजवावेत का, झाडे परत आणावीत का. त्या सगळ्यांच्या तळाशी प्रश्न एकच आहे. माणसानेच घडवलेला हा माळ पुढे कशासाठी आणि कुणासाठी राखायचा?

माळ घडला कसा

मूर पाहणाऱ्याला वाटते की ही आदिम, माणसाचा हात न लागलेली भूमी आहे. परागकणांचा पुरावा वेगळे सांगतो. जी. डब्ल्यू. डिंबलबी या अभ्यासकाने नॉर्थ यॉर्क मूर्समध्ये कांस्ययुगातल्या थडग्यांच्या उंचवट्यांखाली गाडली गेलेली माती तपासली. वरच्या ढिगाऱ्यामुळे ती माती हजारो वर्षे जशीच्या तशी टिकून होती, आणि तिच्यात ओक, बर्च, हेझल अशा झाडांचे पराग सापडले. आज जिथे झाडाची सावली मिळत नाही, तिथे एकेकाळी रान होते. डिंबलबीचा ब्रिटिश हीथलँड आणि त्यांच्या मातीवरचा ग्रंथ 1962 साली आला आणि मूर हा नैसर्गिक असल्याची समजूत त्याने मोडीत काढली.

शिकार करून जगणाऱ्या माणसांनी आधी आगी लावून रानात मोकळ्या जागा केल्या. मग सुमारे चार हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी झाडे तोडून जमीन कसायला घेतली. झाडांची मुळे गेल्यावर पावसाने मातीतली क्षारद्रव्ये धुऊन खाली नेली. माती आम्ल झाली, खाली लोहाचा कठीण थर धरला, पाणी मुरेनासे झाले. पिके बंद पडली आणि आम्ल, निकस जमिनीत तग धरणारी हेदर पसरली. पुढे मध्ययुगात मठांनी मेंढ्यांचे मोठमोठे कळप पाळले; 1132 साली स्थापन झालेला रिव्हो मठ नॉर्थ यॉर्क मूर्सच्याच कुशीत आहे. मेंढ्यांच्या तोंडून रोप सुटले नाही, त्यामुळे रान परत उगवलेच नाही.

जास्त पावसाच्या, सपाट माथ्यांवर वेगळी प्रक्रिया चालू राहिली. साचलेल्या पाण्यात शेवाळ आणि गवते अर्धवट कुजून थरावर थर बसले. हेच पीट. चांगल्या स्थितीतले पीट वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षे लागतात. वरून दोन्ही ठिकाणी हेदरच दिसते. पण पातळ मातीवरचा कोरडा हेदरमाळ आणि खोल पीटवरची ओली दलदल या दोन वेगळ्या भूमी आहेत. वादातले बरेचसे गैरसमज हा फरक न केल्यामुळे झाले आहेत.

झुडूप आणि त्याचा गोतावळा

हेदरची एक काडी जवळून पाहावी. पाने म्हणजे जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे खवले, चार ओळींत एकमेकांवर घट्ट बसलेले. त्यामुळे वाऱ्याच्या माऱ्यातही पाणी फार उडून जात नाही. मुळांत राहणारी बुरशी निकस मातीतून नत्र मिळवून देते. फुलात पाकळ्यांपेक्षा निदलेच मोठी आणि तीच रंगीत. ती कागदासारखी सुकून फांदीवरच राहतात, म्हणून हिवाळ्यात अख्खा माळ तांबूस-तपकिरी दिसतो. बिया धुळीएवढ्या असतात आणि मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात. आगीची धग आणि धूर लागल्यावर त्या अधिक जोमाने रुजतात. झुडूप तीस-चाळीस वर्षे जगते. कोवळेपण, भरदार वाढ, प्रौढपण आणि मधून फाटत जाणारे म्हातारपण असे त्याचे चार टप्पे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात, आणि प्रत्येक टप्प्याला आश्रयाला येणारे जीव वेगळे असतात.

कोरड्या उतारांवर बेल हेदर आधी फुलते, ओल्या जागी क्रॉस-लीव्ह्ड हीथ. त्यांच्यामध्ये बिलबेरीची निळी-काळी फळे धरतात. दलदलीत चिकट केसांनी किडे पकडणारी ड्रोसेरा असते. तिच्या प्रजातीतल्या दवबिंदू वनस्पती कासच्या पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर आपल्याकडेही आहेत. एम्परर पतंगाची हिरवी, काळ्या पट्ट्यांची अळी हेदर खाऊन वाढते. ब्रिटनमधला एकमेव विषारी साप, ॲडर, दगडांवर ऊन खात पडलेला असतो. ऑगस्टमध्ये मधपाळ पेट्या घेऊन माळावर येतात. हेदरचा मध इतका दाट की यंत्रात फिरवून पोळ्यातून सुटत नाही. तो दाबून काढावा लागतो.

वसंतात माळ पक्ष्यांच्या आवाजाने भरतो. चंडोल, तीरचिमण्या, सोनेरी चिखल्या, टिटवीची युरोपीय बहीण, खडकाळ घळींत कस्तुराच्या कुळातला रिंग आउझल, आणि लांब वाकड्या चोचीचा कुरल. जगातल्या विणीच्या कुरलांपैकी सुमारे चौथा हिस्सा ब्रिटनमध्ये आहे, आणि 1995 पासून त्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली आहे. 2015 साली तो ब्रिटनच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात चिखल टोचत फिरणारे कुरल याच जातीचे, मात्र ते येतात आशियातल्या उत्तरेकडच्या विणीच्या जागांवरून.

ग्राउसचे अर्थकारण

माळाचे भवितव्य गेली दीडशे वर्षे एका पक्ष्याने ठरवले. तांबूस-तपकिरी, कोंबडीहून थोडा लहान असा लाल ग्राउस हेदरचे कोवळे शेंडे खाऊन वर्षभर माळावरच राहतो. तो पाळता येत नाही, पिंजऱ्यात वाढवून सोडला जात नाही. त्याची संख्या वाढवायची तर माळच त्याच्या सोयीचा करावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे डोंगरापर्यंत पोचली, मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या, आणि व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाने 1852 साली बाल्मोरल घेतल्यावर डोंगरातली शिकार प्रतिष्ठेची झाली. हाक्याची शिकार रूढ झाली: हाकारे रांगेने हेदर तुडवत पुढे येतात, ग्राउस उठून वाऱ्यावर सुसाट जातात आणि लपणांत बसलेले बंदूकवाले त्यांना टिपतात. मोसम 12 ऑगस्ट ते 10 डिसेंबर. 12 ऑगस्ट 1915 रोजी लँकेशायरमधल्या लिटलडेल आणि ॲबीस्टेड माळांवर आठ बंदुकांनी एका दिवसात 2,929 ग्राउस पाडले.

अशा शिकारीला पक्षी दाट लागतात. त्यासाठी जमीनदारांचे राखणदार, म्हणजे गेमकीपर, हेदरचे पट्टे आळीपाळीने जाळतात, कोल्हे, कावळे आणि स्टोट नावाचे छोटे मांसभक्षक मारतात, आणि आता जंतनाशक लावलेली खडी माळावर ठेवतात. जंतांचा प्रश्न जुना आहे. लॉर्ड लोव्हॅटच्या समितीने 1911 साली ग्राउसच्या रोगावर मोठा अहवाल काढला. स्कॉटबरोबर अंटार्क्टिकात गेलेला एडवर्ड विल्सन त्या कामात होता. दाटी झाली की आतड्यातले बारीक जंत वाढतात आणि ग्राउस कोसळतात, हे तेव्हापासून माहीत झाले. 1998 साली पीटर हडसन आणि सहकाऱ्यांनी पक्ष्यांना जंतनाशक देऊन ही घसरण रोखता येते हे सिद्ध केले.

या राखणीचा फायदा फक्त ग्राउसलाच होतो असे नाही, आणि हे टीकाकारांनीही मान्य करायला हवे. नॉर्थम्बरलंडमधल्या ऑटरबर्न येथे 2000 ते 2008 या काळात झालेल्या प्रयोगात भक्षक आवरलेल्या भागांत कुरल, टिटवी आणि सोनेरी चिखल्या यांची पिल्ले वाढवण्यातली यशस्विता सरासरी तिप्पट झाली. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांसाठी हा फरक फार मोठा आहे.

पण याच व्यवस्थेने माणसांनाही माळाबाहेर ठेवले होते. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर परिसरातले शेकडो कामगार बेनी रॉथमनच्या पुढाकाराने गेमकीपरांना न जुमानता किंडर स्काउट या डोंगरमाळावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. उघड्या माळांवर चालण्याचा हक्क इंग्लंड आणि वेल्समध्ये कायद्याने मिळाला तो 2000 साली.

लँगहोमने काय शिकवले

या वादातला सर्वांत कडू भाग भोवत्या या शिकारी पक्ष्याचा आहे. आपल्याकडे हिवाळ्यात सोलापूर-नगरच्या माळांवर माँटेग्यूचा आणि पांढुरका भोवत्या उतरतात; त्यांच्याच प्रजातीतला हेन हॅरियर ब्रिटनच्या हेदरमध्ये घरटे करतो. नर फिकट राखाडी, मादी तपकिरी. नर शिकार घेऊन येतो, मादी घरट्यावरून उठते, आणि नराने हवेत सोडलेली शिकार ती उलटी होऊन अधांतरीच पकडते. उंदीर आणि तीरचिमण्या हे त्याचे मुख्य खाणे. पण पिल्ले वाढवण्याच्या दिवसांत तो ग्राउसची पिल्लेही उचलतो.

त्याने नक्की किती फरक पडतो, हे पाहण्यासाठी 1992 पासून दक्षिण स्कॉटलंडमधल्या लँगहोम माळावर पाच वर्षे अभ्यास झाला. भोवत्यांना कुणी हात लावायचा नाही, एवढी एकच अट. विणीच्या माद्या दोनांवरून वीसवर गेल्या. ग्राउस इतके घटले की हाक्याची शिकार परवडेना, आणि शेवटी गेमकीपरही गेले. जमीनदारांची भीती खरी ठरली. मात्र गोष्ट तिथे संपली नाही. राखणदार गेल्यावर कोल्हे आणि कावळे वाढले, जमिनीवरची घरटी लुटली गेली, आणि काही वर्षांत भोवत्यांची संख्याही पुन्हा तळाला गेली.

2008 ते 2017 या काळात तिथेच दुसरा प्रकल्प झाला. गेमकीपर परत आले, भोवत्यांच्या घरट्यांजवळ पर्यायी खाद्य ठेवले गेले, आणि ग्राउसची पिल्ले उचलण्याचे प्रमाण खूप कमी झाले. तरीही ग्राउस हाक्याच्या शिकारीला पुरतील इतके वाढले नाहीत. म्हणजे भोवत्या आणि मध्यम संख्येतले ग्राउस एकत्र नांदू शकतात. भोवत्या आणि विक्रमी शिकार एकत्र नांदत नाहीत.

बाकी माळांवर या पेचाची सोडवणूक बेकायदेशीर मार्गाने होत राहिली. भोवत्या मारणे 1981 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. तरीही 2013 साली संपूर्ण इंग्लंडात भोवत्याचे एकही पिल्लू उडाले नाही. उपग्रह-टॅग लावलेल्या 58 भोवत्यांच्या 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 72 टक्के पक्षी नक्की किंवा बहुधा मारले गेल्याचा निष्कर्ष निघाला. नंतरच्या वर्षांत इंग्लंडातली घरटी वाढली, पण टॅग अचानक बंद पडण्याचे प्रकार थांबले नाहीत. स्कॉटलंडने 2024 च्या कायद्याने ग्राउस-शिकारीला परवाना सक्तीचा केला; इंग्लंडात तसा कायदा अजून नाही.

आग, पीट आणि पाणी

हेदर जाळण्याचा हंगाम इंग्लंडच्या डोंगरी भागात 1 ऑक्टोबर ते 15 एप्रिल असतो. गेमकीपर वारा पाहून तीसेक मीटर रुंदीचा पट्टा पेटवतात आणि झोडण्यांनी कडा विझवत जातात. दहा-वीस वर्षांच्या फेऱ्यात माळावर कोवळ्या, मध्यम आणि जुन्या हेदरचे ठिगळकाम तयार होते. कोवळे शेंडे खायला, जुनी झुडपे लपायला. पातळ मातीवर या पद्धतीचे समर्थन करता येते.

खोल पीटवर चित्र बदलते. ब्रिटनच्या पीटमध्ये तीन अब्ज टनांहून अधिक कार्बन साठला आहे, असा सर्वमान्य अंदाज आहे. लीड्स विद्यापीठाने 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जाळलेल्या पाणलोटांत पाण्याची पातळी खोल गेलेली आणि ओढ्यांतल्या लहान जलचरांचे वैविध्य घटलेले आढळले. दुसरीकडे उत्तर पेनाइन्समधल्या मूर हाउस येथे 1954 पासून चालू असलेल्या प्रयोगाच्या आधारे 2019 साली काही शास्त्रज्ञांनी मांडले की जाळलेले पीटही कार्बन साठवत राहते, फक्त वेग मंदावतो. पद्धतींवर, नमुन्यांवर आणि निधीच्या स्रोतांवर दोन्ही बाजूंनी कडक टीका झाली आहे. तपशिलात मतभेद असले तरी एक गोष्ट दोन्हीकडचे आकडे सांगतात: पीट वाढते ते ओल्या अवस्थेत.

वणव्याचा मुद्दा याहून निकडीचा आहे. जून 2018 मध्ये मँचेस्टरजवळचा सॅडलवर्थ मूर पेटला. घरे रिकामी करावी लागली, लष्कराला बोलवावे लागले. 2025 च्या ऑगस्टमध्ये नॉर्थ यॉर्क मूर्समधल्या लँगडेल मूरवरची आग बराच काळ धुमसत राहिली, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सरावाचे जमिनीत राहिलेले तोफगोळे धगीने फुटत होते. गेमकीपर म्हणतात, जाळणे थांबवले की सरपण साठते आणि वणवा भडकतो. पीटचे अभ्यासक म्हणतात, ओला माळ पेटतच नाही. तो कोरडा कुणी केला ते आधी पाहा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच कोरडा पडलेला माळ ओला होईपर्यंतची मधली वर्षे सर्वांत धोक्याची आहेत. सरकारने 2021 साली संरक्षित क्षेत्रांत 40 सेंटिमीटरहून खोल पीटवर विनापरवाना जाळण्यास बंदी घातली, आणि 2025 साली ती मर्यादा 30 सेंटिमीटरवर आणून क्षेत्रही खूप वाढवले.

माळ कोरडा केला तो बराचसा सरकारी पैशानेच. महायुद्धानंतर मेंढ्यांची चराई वाढावी म्हणून चर खणायला अनुदान मिळाले, पुढे मेंढ्यांच्या डोईमागे पैसे मिळू लागले आणि कळप फुगले. उत्तर स्कॉटलंडमधल्या फ्लो कंट्रीत करसवलतीच्या लोभाने दलदल नांगरून परदेशी सूचिपर्णी झाडे लावली गेली. 1988 च्या अर्थसंकल्पाने ती सवलत बंद केली. पीक डिस्ट्रिक्टच्या ब्लीकलो आणि किंडर माथ्यांवर गिरण्यांच्या धुराने स्फॅग्नम मारून टाकले होते, आणि उघडे पडलेले काळे पीट पावसाळी घळींतून वाहून जात होते.

दुरुस्तीही तितकीच मोठी आहे. 2003 पासून मूर्स फॉर द फ्यूचर या भागीदारीने त्या माथ्यांवर हेलिकॉप्टरने चुना, बी आणि कापलेल्या हेदरच्या काटक्या टाकल्या, उतारांवर तागाच्या जाळ्या अंथरल्या, घळींत दगड-लाकडांचे बांध घातले आणि स्फॅग्नमची रोपे हाताने लावली. काळे माथे हिरवे झाले. यॉर्कशायरमधल्या पिकरिंग गावाने 2007 च्या पुरानंतर वरच्या रानात आणि माळावर ओंडक्यांचे गळके बांध आणि हेदरच्या भाऱ्यांचे अडसर घातले. 2015 च्या नाताळातल्या मुसळधार पावसात लोंढा 15 ते 20 टक्क्यांनी उतरल्याचे विश्लेषणात दिसले आणि गाव वाचले. जुलै 2024 मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत फ्लो कंट्रीला वारसास्थळाचा दर्जा मिळाला. केवळ पीटभूमी म्हणून हा मान मिळालेली ती जगातली पहिली जागा.

झाडे परत आणण्याचे प्रयोगही आहेत. दक्षिण स्कॉटलंडमधल्या कॅरिफ्रन दरीच्या माथ्यावर 1990 साली पीटमध्ये सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे यू लाकडाचे धनुष्य सापडले. तिथल्या पीटमधले पराग पाहून स्वयंसेवकांनी मूळ रानातली झाडे निवडली आणि 1 जानेवारी 2000 पासून लाखो रोपे लावली. मेंढ्यांनी सोललेल्या त्या दरीत आज रानपक्षी परतले आहेत.

पुढे काय

या सगळ्या पुराव्यावरून माझे मत असे झाले आहे. जिथे पीट खोल आहे तिथे निर्णय पाण्याचा असावा: चर बुजवावेत, आग बंद करावी, मेंढ्या कमी कराव्यात. जिथे माती पातळ आहे आणि कुरल-टिटव्यांचे घर आहे, तिथे हेदरचे ठिगळकाम टिकवावे, कापणीने शक्य तिथे कापणीने आणि गरजेपुरते जाळून. घळी आणि उतार मूळ झाडांना परत द्यावेत. आणि शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत कसलीही देवाणघेवाण नको. जो व्यवसाय कायदा मोडल्याशिवाय चालत नाही, त्याला इंग्लंडातही परवान्याच्या चौकटीत आणावे आणि गुन्हा आढळल्यास परवाना काढून घ्यावा.

यात गेमकीपरांना शत्रू मानणे चूक होईल. वारा ओळखून आग हाताळणारी, कोल्ह्याची वाट जाणणारी ही माणसे आहेत. कुरल वाचवायचा असेल आणि वणवे विझवायचे असतील तर हेच कौशल्य लागणार, फक्त त्याचा पगार ग्राउसच्या संख्येवर अवलंबून असता कामा नये. लँगहोममध्ये ही दिशा दिसू लागली आहे. तिथल्या लोकांनी वर्गणी आणि देणग्या जमवून 2021 आणि 2022 साली तोच वादग्रस्त माळ दोन टप्प्यांत विकत घेतला, सुमारे साडेदहा हजार एकर, आणि तिथे टॅरस व्हॅली अभयारण्य उभे राहत आहे.

धोका मात्र नव्या रूपात समोर आहे. माळाला आतापर्यंत एकाच मापाने मोजले गेले: आधी लोकर, मग ग्राउस, मग मेंढ्यांची डोकी, मग लाकूड. प्रत्येक वेळी त्या एका मापात न बसणारे जीव गेले. आता पीटच्या दुरुस्तीचे आणि वृक्षलागवडीचे कार्बन-प्रमाणपत्र विकता येते, आणि डोंगरी जमिनींना नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. पैसा येतो आहे ही चांगलीच गोष्ट. त्याशिवाय चर बुजणार नाहीत. पण टनांचा हिशेब पुरा करताना कुरलाची वीण, मधपाळाचा ऑगस्ट, मेंढपाळाचे पोट आणि चालणाऱ्याचा हक्क हेही त्याच कागदावर लिहिलेले असले पाहिजेत. तसे झाले नाही, तर कार्बन हा या माळाचा नवा ग्राउस ठरेल.